सूर्यास्तानंतर जेवणारा पाव्हणा

केसर, तू गेल्यावर भरलेल्या तुझ्या शोकाच्या बैठकीला मी बायकांच्या बाजूला, अगदी मागं भिंतीला टेकून बसले होते. बोलणाऱ्यांनी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं. किती उपास केलेस, किती वेळा आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिलीस, दारात आलेलं माणूस कधी विन्मुख गेलं नाही. सगळं खरं. हो हो करून माझी मान दुखायला लागली. पण एकाही माणसानं त्या पाव्हण्याचं नाव काढलं नाही. चोवीस वर्षं जिचा आवाज सासऱ्यानं ऐकला नव्हता, ती एका विलायती रक्तपित्या माणसाची बाजू घेऊन सासऱ्याशी बोलली, हे जुन्या जालन्यात दुसऱ्या कोणत्या बाईनं केलंय? मला उठून सांगायचं होतं. पण बैठकीत बायका बोलत नाहीत. मग घरी आले, दौत-टाक काढला आणि बसले. तुलाच सांगते. दुसऱ्या कोणाला सांगायला गेले तर मला रडू येईल, आणि तुझ्या गोष्टीत रडणं तुला कधी खपलं नाही.

मी काही शिकलेली बाई नाही, हे तुला माहीत. आमचे हे वाचनालयात शिपाई. निजामाचं राज्य गेलं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथं मराठी पुस्तकांच्या पेट्या आल्या. लोकांनी दिलेली जुनी पुस्तकं, कोणाची पाठ मोडलेली, कोणाचं पोट सुटलेलं. ती बांधायचं काम हे घरी आणायचे आणि माझ्या पुढ्यात टाकायचे. खळ मी शिजवायची, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची, दोरा ओवायचा, पानांच्या जुड्या शिवायच्या. पानं ओळीनं लावायची म्हणून आधी आकडे शिकले. आकडे आले तसे मथळ्यांतली मोठी अक्षरं आली, मग बारीक. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी वाचायला लागले ते असं, खळीच्या हातानं. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी मारलंही नाही.

आणि त्यात ते पुस्तक आलं. पहिली पानं फाटून गेलेली, म्हणून नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. वरचे कोपरे वाळवीनं खाल्लेले, म्हणून आकडेही नाहीत. हातात नुसते तीन गठ्ठे. एक तर उघड पहिला होता, कारण त्यात गोष्टीला सुरुवात होती. राहिलेले दोन मी अंदाजानं लावले. एका गठ्ठ्यात तो मरत होता, दुसऱ्यात तो येत होता. मला वाटलं, भूतच आहे ते. आधी मरणार, मग येणार. यात चुकीचं काय? शिवून टाकलं, वरून निळं कापड चिकटवलं, दगडाखाली दाबून ठेवलं. हाताला खळ सुकली तेव्हा स्वतःवर खूश होते.

तुमची मागची पडवी माझ्या खोलीला लागून. दुपारी पुरुष माणसं आडतीवर गेली की तू आणि तुझी धाकटी जाऊ चंपा तिथं मुगाचे पापड लाटायला बसायच्या. हात कमी पडला की तू भिंतीवर लाटण्यानं दोनदा ठोकायचीस आणि मी यायची. त्या दिवशी मी ते निळं पुस्तक काखेत मारूनच आले. तू विचारलंस, "जीजी, काय हाय त्यात?"

मी सांगितलं, "एक विलायती सरदार हाय. तीनशे वर्षं वय. डोंगरावर गढी. रक्त पिऊन जगतो."

चंपानं लाटणं खाली ठेवलं. तू मात्र माझ्या समोरचा पोळपाट ओढून आपल्याकडं घेतलास. "तुझ्या वाटणीचे बी मी लाटते. तू तोंड चालव."

असं ते वाचन सुरू झालं. आणि मी अभिमानानं सांगते, ती गोष्ट लिहिणाऱ्यानं जेवढी लिहिली त्याच्या दुप्पट तू बोललीस. मला पाच-सहा पानं संपवायला एक दुपार लागायची, त्यातली अर्धी माझ्या अडखळण्यात आणि अर्धी तुझ्या तोंडात.

गोष्ट साधी. एक डॉक्टर बायको-मुलीला घेऊन हवापालटाला त्या डोंगराखालच्या गावात येऊन राहतो. डोंगरावरच्या सरदाराची त्या मुलीवर नजर. तो दिवसा पेटीत निजतो आणि दिवस मावळला की उठतो. हे मी वाचलं तशी तू लाटता लाटता थांबलीस.

"म्हणजे दिवस मावळल्यावरच जेवतो?"

"हो."

"रोज?"

"त्याला दुसरा वखतच न्हाई, केसर."

तू कपाळाला हात लावलास, कपाळावर पीठ उमटलं. "रक्त पितो ते त्याच्या कर्मात. पण सूर्यास्तानंतर? बिलकुल वळण न्हाई ह्याच्या घराला. तीनशे वर्षांत एका माणसानं सांगितलं न्हाई ह्याला, का बाबा, सूर्य हाय तवर खाऊन घे?"

चंपा हसून हसून आडवी झाली. मी पण. तुमच्या घरी सूर्य बुडाला की कोणी पाण्याचा थेंबही घ्यायचं नाही, तान्हं लेकरू सोडून. त्या घरातल्या बाईला पाव्हण्याचा पहिला दोष तो दिसला. तेव्हापासून आपण त्याला सरदार म्हणणं सोडलं. पाव्हणाच म्हणायला लागलो.

मग आरशाचं आलं. त्याचं रूप आरशात दिसत नाही, असं पुस्तकात होतं. तू म्हणालीस, "मंग केस कसे बसवतो? मघाशी तर तू वाचलंस, तेल लावून चापून बसवलेले. कोणी तरी बाई असणार घरात." आणि जराशानं, पीठ झटकता झटकता, "तसं म्हणलं तर आरशात मी बी कुठं दिसून राह्यले. घुंगट वर करायला फुरसत कोणाला हाय." चंपा या बोलण्यावर हसली नाही. मीही नाही. तूच मग पापड उलटा टाकून आम्हाला हसवलंस.

आणि ती पेटी. पाव्हणा गावोगाव जाताना आपल्या गावची माती पेटीत भरून नेतो, त्या मातीवर निजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मला वाटलं याच्यावर तू सगळ्यात जास्त टवाळी करशील. तू तर चिमूटभर पीठ बोटांत चोळलंस. म्हणालीस, "जीजी, हे तर आमच्यातलंच माणूस निघालं. आमच्या आजेसासऱ्यांचे आजोबा मारवाडातून जालन्याला आले. कोणी विचारलं तुमचं गाव कोणतं, तर आज बी माझे सासरे, बापूजी, तिकडचं नाव सांगतात. एकदा बघितलं न्हाई ते गाव, पण सांगतात. पेटी तेवढी न्हाई आमच्यापाशी."

माझ्या खोलीत लसणाची वेणी टांगलेली असते, आमचं आष्टीकडचं शेतकऱ्याचं जेवण, ठेच्याशिवाय घास उतरत नाही. पुस्तकात आलं की पाव्हणा लसणाला भितो. मी छाती काढून म्हणाले, "माझ्या उंबऱ्यावर तर तो शिंकतच बसला असता." तू म्हणालीस, "आणि आमच्याकडं? कांदा न्हाई, लसूण न्हाई, कंद म्हणून न्हाई. मोकळा रस्ता हाय त्याला."

हे तू चेष्टेत म्हणालीस. चंपाला ती चेष्टा वाटली नाही. त्यातूनच पुढचं सगळं झालं, पण ते जरा थांब.

त्याआधी तुझी पाटी सांगते. दहा-बारा दिवस ऐकल्यावर एकदा तू मला विचारलंस, "जीजी, पाव्हणा ह्यात कुठं हाय? म्हणजे त्याचं अक्षर कोणतं?" मी बोट ठेवून दाखवलं. पोळपाटावर पीठ भुरभुरलेलं होतं. तू बोटानं त्यावर प काढलास, मग पा. तेवढ्यात बाहेर चपलेचा आवाज आला आणि तू त्यावर घाईनं लाटी ठेवून लाटून टाकलीस. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पीठ पसरलंस. एक पापड, एक अक्षर. चाळिशीतली बाई, घरात मोठी सून, किल्ल्या कमरेला, आणि पोळपाटावर न-म-ल गिरवत होतीस. मला तू म्हणाली होतीस, "हे राहू नको देऊ अर्धं. मला एकदा तरी कोणाला न विचारता पुस्तकात काय लिवलंय ते बघायचंय." बाकी कशाची तुला हौस नव्हती, नव्या लुगड्याचीसुद्धा नाही. हीच एक होती.

आणि भांडण पण तेव्हाचंच. पहिल्या गठ्ठ्यानंतर आपण तो मरण्याचा गठ्ठा वाचला. डॉक्टर आणि गावचा पाद्री दोघे गढीवर जातात, पेटी उघडतात, त्याच्या छातीत खुंटी ठोकतात. झालं, खलास. आणि नंतरच्या गठ्ठ्यात तो परत येतो, त्या मुलीच्या घरी. दारात उभा राहतो आणि विचारतो, आत येऊ का? बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. मुलगी दिवसेंदिवस पांढरी पडत जाते, आईबाप वैद्य बोलावतात, औषधं देतात. आणि शेवटच्या पानावर ती स्वतः उठते आणि खिडकी उघडते. पुस्तक तिथं संपतं.

मी म्हणाले, "भूल घातली तिच्यावर. पोटाच्या भुकेनं आल्ता तो."

तू म्हणालीस, "भुकेला माणूस मेल्यावर परत येत न्हाई, जीजी. मेला तरी आला. छातीत खुंटी घेऊन आला. इथं जिवंत माणसं चार-चार महिने कापसाच्या मागं हिंडून राह्यली, घराकडं बघत न्हाईत."

तुझे हे त्या वर्षी कापसाच्या खरेदीसाठी कायम बाहेरगावी असायचे. पण मी मागं हटले नाही. मी म्हणाले भूक, तू म्हणालीस ओढ, आणि त्यावर आपलं दिवस न् दिवस भांडण चाललं. चंपा मध्ये बसून एकदा तुझ्याकडं, एकदा माझ्याकडं बघायची. तोवर पापड बिघडायला लागले होते. खुंटीच्या दिवशी तर ते इतके जाड झाले की तुझ्या सासऱ्यांनी, शेठजींनी, जेवताना विचारलं म्हणे, "आजकाल घरात पापड लाटतात का भाकरी?"

आता लसूण. चंपा गुपचूप माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "गयाबाई, एक गड्डी द्या. खाणार न्हाई, देवाची आण. नुसती खिडकीला बांधते." तिचं घाबरलेलं तोंड बघून मला नाही म्हणवेना. मी वेणीतून एक गड्डी तोडून दिली. हे माझं चुकलं. पण खरं सांगू, मला मनातून बरंही वाटलं. गोष्ट ऐकून कोणी खरंच घाबरलं, तर वाचणारीला आपण वाचतो तरी बरं असं वाटतंच की.

तिसऱ्या दिवशी तुझ्या सासऱ्यांना ती सापडली. त्या घरात कधी कांद्याचं सालसुद्धा शिरलेलं नाही, त्या घरात, सुनेच्या खिडकीला, लाल दोऱ्यानं बांधलेली लसणाची गड्डी.

मला बोलावणं आलं. मी गेले. शेठजी ओसरीवर गादीवर बसलेले. समोर एका कागदावर ती गड्डी, जणू विंचू मारून ठेवलाय. आत दाराच्या मागं तू, पदर हनुवटीपर्यंत, तुझ्या मागं चंपा, तिचं स्फुंदणं बाहेर ऐकू येत होतं.

"गयाबाई, हे काय हाय?"

"लसूण हाय, शेठजी."

"ते मला दिसून राह्यलं. माझ्या घरात कामून हाय?"

मी खोटं बोलले नाही. मी दिली म्हणून सांगितलं. कशासाठी, तेही. पुस्तकाचं नाव घेतल्यावर ते म्हणाले, "परक्या मुलीच्या खोलीत शिरणाऱ्या माणसाची गोष्ट? माझ्या सुना ऐकून राह्यल्या? उद्यापासून तुमचं येणं बंद. पुस्तक बंद. पडवीचं दार बंद."

माझं काय, मी खोलीत बसून वाचलं असतं. पण तू? तुझी नुसती सुटी अक्षरंच झाली होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. तुमच्यातली रीत मला माहीत होती. सून सासऱ्याशी बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर कडी वाजवायची आणि मधल्या माणसानं बोलायचं. मी दाराशी गेले. तू कानात म्हणालीस, "बापूजींना सांग, तो माणूस वाईट हाय हे आम्हाला बी कळतं."

मी वळून सांगितलं. शेठजी माझ्याकडं बघून म्हणाले, "तिला म्हणावं, कळतं तर ऐकता कामून?"

तू कानात म्हणालीस. मी ऐकून सांगितलं, "शेठजी, ती म्हणती, तो सूर्य बुडाल्यावर जेवतो म्हणून आम्ही त्याला नावं ठेवतो."

शेठजींच्या तोंडावर काहीतरी हललं. "सूर्य बुडाल्यावर?"

"रोज," मी माझ्याकडून सांगितलं. तू मला मागून चिमटा काढलास, की मी सांगते तेवढंच सांग. पण मला थांबवेना. "शेठजी, तीनशे वर्षं. एक दिवस चुकवला न्हाई."

ते म्हणाले, "म्हणूनच मंग ती गत झाली त्याची." आणि हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणही गोष्टीत शिरलो. परत आवाज चढवला. "ते ऱ्हाऊ द्या. गोष्टीत ती मुलगी काय करते शेवटी?"

काय सांगू? खिडकी उघडते म्हणून सांगितलं तर संपलंच. तू माझ्या कानात म्हणालीस, पण मी ते तोंडातून काढेना. मी तुझ्याकडं बघून मान हलवली, की नको गं, हे नको. परत कडी वाजली. मी जागची हलले नाही.

आणि मग आतून आवाज आला. तुझाच. मोठ्यानं.

"बापूजी, ती खिडकी उघडते."

चंपाचं रडणं थांबलं. मला तर वाटलं, छत खाली येतंय.

तू पुढं बोलत राहिलीस, दाराआडून, घुंगटातून, पण एकेक शब्द साफ. "तो बाहेर उभा राहून विचारतो, आत येऊ का. त्या पोरीला आईबापानं जेवण दिलं, औषध दिलं, वैद्य आणले. पण तुला काय पाहिजे हे विचारलं कोणी? त्या पाव्हण्यानंच. म्हणून तिनं उघडली. आणि बापूजी, मला बी विचारायचंय. मला वाचायला शिकायचंय. मी शिकू का?"

केसर, त्या दिवशी माझ्या जागी कोणी असतं तर त्याला पण हे लिहून ठेवावंसं वाटलं असतं. चोवीस वर्षांत पहिला आवाज, आणि त्यात रडणं नाही, भीती नाही. सरळ परवानगी मागितलीस, तीही उभी राहून.

शेठजींनी कागदाची कड धरून ती गड्डी जरा लांब सरकवली. मग माझ्याकडं वळले. "गयाबाई, तिला म्हणावं..." आणि थांबले. माझ्याकडं बघणं सोडून दाराकडं बघितलं. पहिल्यांदा दाराकडं. म्हणाले, "दिवसाउजेडीच वाचायचं. दिवस मावळायच्या आत पुस्तक बंद. आणि पापड सरळ लाटायचे."

मग मला म्हणाले, "आणि हे घेऊन जा बाहेर, कागदासकट."

मी गड्डी कागदात गुंडाळली आणि पदराखाली धरून बाहेर पडले.

ती परवानगी मी फार जपली. त्यानंतर शेठजी होते तोवर तू त्यांच्याशी परत तोंडानं बोलली नाहीस, रीत रीतीच्या जागी राहिली. पण दुपारी ओसरीवर ते पडलेले असताना पडवीतून तुझं मोठ्यानं वाचणं त्यांना ऐकू जायचं, क-का-कि-की पासून. कधी अडलीस तर ओसरीवरून खाकरल्याचा आवाज यायचा. ते मराठी हिशेबापुरतं वाचायचे, त्यांना तुझी चूक कळत होती.

आणि पाव्हणा तर तू जालन्याबाहेर नेलास. घनसावंगीला चंपाच्या भाचीच्या लग्नात मेंदीच्या बायकांपुढं तू तीन तास तो सांगितलास, हे मला तिथल्या बायकांनीच सांगितलं. मेल्यावर परत येणारा, विचारून आत येणारा, दिवस मावळल्यावर जेवणारा. मेंदी वाळून गेली, कोणी उठेना. तिथं एका म्हातारीनं विचारलं म्हणे, मुलगी पुढं सुखी झाली का? आणि तू म्हणालीस, ते लिहिणाऱ्याला विचारा, खिडकीपर्यंत आणणं माझं काम.

आता एक सांगायचं राहिलं ते माझं.

तुला परवानगी मिळून दोन वर्षं झाली असतील. वाचनालयातल्या एका सभासदानं तक्रार केली की हे निळं पुस्तक उलटं शिवलंय. आमच्या यांना बोलणी बसली. त्या माणसानं रागारागानं प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलीनं आकडे टाकून दिले होते. मी पुस्तक सोडवलं, नीट लावलं आणि वाचलं. खरी गोष्ट म्हणजे काय, तर तो पाव्हणा आधी येतो. मुलगी खिडकी उघडते, तो आत येतो, मग डॉक्टर आणि पाद्री गढीवर जाऊन त्याला मारतात. आणि संपलं. मेल्यावर कोणी परत येत नाही. छातीत खुंटी घेऊन कोणी दारात उभा राहत नाही. ते सगळं माझ्या दोऱ्यानं झालं होतं.

मी ते तुला सांगितलं नाही. तू सासऱ्यापुढं ज्या गोष्टीच्या जोरावर उभी राहिलीस ती गोष्ट माझ्या चुकीची होती, हे कसं सांगायचं? पुस्तक वाचनालयात परत गेलं. भांडणात मी भूक म्हणायचे, तू ओढ म्हणायचीस, आणि आता बरोबर मी ठरले होते, पण ते बरोबर असणं मला खात होतं.

मागच्या महिन्यात तुला पडून राहावं लागलं तेव्हा तू म्हणालीस, "जीजी, पाव्हणा आण." मी आणला. दुपार होती, खिडकीतून ऊन तुझ्या पायावर पडलं होतं. मी वाचायला लागले. पहिला गठ्ठा संपला आणि मी हळूच मधली पानं बोटाखाली धरली आणि पुढं गेले, मरणाकडं. तू ऐकत होतीस. तू चष्मा फक्त वाचायला लावायचीस, आणि त्या दिवशी ऐकतानाही तो लावला होतास हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"जीजी," तू म्हणालीस, "चौसष्टनंतर एकशे एकोणतीस येतं व्हय?"

मी पुस्तक खाली ठेवलं. तू खोकत होतीस आणि हसतही होतीस.

"कव्हापासून माहीत हाय तुला?"

"दोन पावसाळे झाले. तुमच्या यांना मीच म्हणले, पुस्तक आणून द्या, जीजीला सांगू नका."

म्हणजे आमच्या यांनासुद्धा माहीत होतं. घरात एकटी मीच चोर.

मी म्हणाले, "मंग बोलली का न्हाईस?"

"तू मला अक्षर दिलंस. तुझी शिवण उसवू का मी?" मग म्हणालीस, "बराबर लावलेल्या पुस्तकात तू जिंकलीस. भुकेनंच येतो तो. पण आपल्या पुस्तकात मी जिंकले. आता वाच. आपलंच वाच."

मी आपलंच वाचलं. खिडकीपर्यंत.

तेव्हा मला एवढंच कळलं होतं की तू मला माफ केलंस. घरी येऊन रात्रीचं जेवण केलं, भांडी घासायला बसले, आणि हातातलं भांडं तसंच राहिलं. कारण तेव्हा मला दुसरं कळलं. दोन पावसाळ्यांपूर्वी तुझ्यापाशी कोणी नव्हतं. शेठजी गेले होते, चंपा माहेरी होती, मी माझ्या मुलीच्या बाळंतपणाला आष्टीला. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, अडल्यावर खाकरायलाही कोणी नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बारीक अक्षरांचं, जोडाक्षरांचं, एकशे ब्याण्णव पानांचं पुस्तक तू एकटीनं वाचलं होतंस. माझी चूकसुद्धा तू स्वतःच शोधून काढली होतीस. आणि मला सांगितलं नाहीस, का तर माझं मन राखायला.

बाई गं, निदान एवढं तरी सांगायचं होतंस. मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले असते.